नकाशातलं एडवण आणि पाण्यातलं एडवण

मुलांनो, एखाद्या गावाला न जाता ते गाव तुम्ही कधी पाहिलंय का? उडत्या गालिच्यावर बसून नव्हे हं, आपल्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून! आता तुम्ही म्हणाल, "त्यात काय मोठंसं? मोबाइल काढला, नाव टाकलं की गाव हजर!" अगदी बरोबर. पण समोर जे हजर झालं, ते खरोखर गाव असतं का? याच प्रश्नाची गोष्ट आज सांगायची आहे. गोष्टीतलं गाव आहे एडवण.

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दातिवरे आणि केळवे यांच्या मधल्या पट्ट्यात हे गाव आहे. पश्चिम रेल्वेच्या गाडीनं विरार सोडलं, वैतरणा नदीचा पूल ओलांडला की सफाळे स्टेशन येतं. उजव्या हाताला तांदुळवाडीचा डोंगर दिसतो. सफाळ्याला उतरायचं आणि पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेनं निघायचं. वाटेत भातखाचरं, ताडमाड आणि वाड्या लागतात. एडवणची आशापुरी देवी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. अनेक जण देवीच्या दर्शनाला येतात आणि मग समुद्र बघून जातात.

आम्हाला मात्र तिथं जायचं होतं फोटो काढायला.

टेबलावरची सहल

माझी भाची नववीत आहे. एका दिवाळीत तिला आजोबांचा कॅमेरा मिळाला आणि तिला फोटोंचं वेडच लागलं. "मामा, मला समुद्राचा फोटो काढायचाय, पण चौपाटीवरचा नको. तिथं फोटोत भेळेच्या गाड्याच जास्त येतात!" असं तिचं म्हणणं. मग आम्ही ठरवलं, की आधी घरी बसून जागा शोधायची आणि मगच निघायचं.

पहिली अडचण आली नावाची. कुणी 'एडवण' लिहितं, कुणी 'एडवन'. इंग्रजीत कुणी 'व्ही' घालतं तर कुणी 'डब्ल्यू'. एका नावानं शोधलं तर चार फोटो मिळाले, सगळ्या नावांनी शोधलं तर कितीतरी. तेव्हा पहिली युक्ती लक्षात ठेवा. छोट्या गावाचं नाव जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी शोधायचं. शेजारच्या गावांची नावंही टाकायची. एडवणबरोबर कोरे, दातिवरे, मथाणे, केळवे ही नावं टाकून बघा, म्हणजे गंमत कळेल.

दुसरी पायरी म्हणजे लोकांनी काढलेले फोटो पाहणं. गुगलच्या नकाशावर, फ्लिकरवर, विकिमीडिया कॉमन्सवर गावागावांचे फोटो असतात. पूर्वी पॅनोरामिओ नावाची एक जागा होती. तिथं जगभरातले लोक नकाशावर टाचणी टोचून आपले फोटो लावत. ती २०१६ साली बंद झाली. लोकांचे फोटो कशासाठी पाहायचे? तसेच काढायला? छे! सगळे जण कुठं उभे राहतात ते कळावं म्हणून. आम्ही पाहिलं, तर बहुतेकांचे फोटो दोनच होते, एक देवळाचा आणि दुसरा मावळत्या सूर्याकडे बोट दाखवणाऱ्या मित्राचा. म्हणजे बाकीचा किनारा मोकळाच होता की!

आकाशातून काय दिसतं?

मग आम्ही उपग्रहचित्र उघडलं. गुगल अर्थ २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. आपल्या इस्रोचं 'भुवन' २००९ पासून आहे. दोन्हीकडे गाव वरून दिसतं. पण नुसतं बघून उपयोग नाही, ते वाचावं लागतं. पुस्तक वाचतो तसं!

किनाऱ्याला लागून गडद हिरवा जाड पट्टा दिसला, तर ते सुरूचं बन असू शकतं. खाडीच्या कडेला दाट, मखमली हिरवं दिसलं तर ती तिवरं, म्हणजे खारफुटी. फिकट पिवळी असते ती कोरडी वाळू आणि करडी असते ती ओली वाळू किंवा चिखल. वाळूच्या पुढे पाण्यात काळे, ओबडधोबड ठिपके दिसले तर समजायचं की तिथं खडक असणार. आणखी एक गंमत सांगतो. चित्र मोठं करून झाडांच्या सावल्या बघा. बहुतेक वेळा त्या पश्चिमेच्या बाजूला पडलेल्या असतात. कारण पृथ्वीचे फोटो काढणारे बरेचसे उपग्रह सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास आपल्या डोक्यावरून जातात.

तिसरी पायरी सूर्याची. एडवणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सूर्यास्त समोरच. पण सूर्य रोज बरोबर पश्चिमेला मावळतो का? भूगोलाच्या बाई काय सांगतात? फक्त मार्च आणि सप्टेंबरमध्ये, विषुवदिनाच्या आसपास. एडवण साडेएकोणीस अक्षांशाच्या जवळ आहे. तिथं जूनच्या अखेरीस सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तितकाच दक्षिणेला. म्हणजे वर्षभरात तो क्षितिजावर ५० अंश सरकतो! वेळही बदलते. डिसेंबरच्या अखेरीस साधारण ६ वाजून ५ मिनिटांनी, तर जूनच्या अखेरीस ७ वाजून २० मिनिटांनी. हे गणित करून देणारी सनकॅल्क नावाची एक साधी सोय इंटरनेटवर आहे. गाव निवडायचं, तारीख टाकायची की नकाशावर एक रेघ येते. सूर्य कुठून उगवेल आणि कुठं मावळेल हे ती रेघ दाखवते.

भाचीनं नोव्हेंबरची तारीख टाकली. रेघ पश्चिमेच्या थोडी डावीकडे, दक्षिणेला झुकली. आणि काय सांगू! ती रेघ नेमकी त्या काळ्या खडकांवरून जात होती. "मामा, जमलं! खडकाच्या डोक्यावर सूर्य!" ती टाळ्या पिटायला लागली. आम्ही तिथं नकाशावर टाचणी टोचली आणि दिवाळीच्या सुट्टीतली एक तारीख ठरवली.

आणि फजिती झाली!

दुपारी तीन वाजता आम्ही एडवणच्या किनाऱ्यावर होतो. खडक होतेच, अगदी टाचणी टोचली तिथं! पण चित्रात होते तेवढे काही उघडे नव्हते. वरची टोकं तेवढी पाण्याबाहेर होती. मधली वाळू ओली होती आणि घोट्याइतकं पाणी होतं. आम्ही चपला हातात घेतल्या आणि गेलो. का नाही जाणार? चित्रात तर कोरडी वाट दिसत होती!

खडकावर चढून भाची फोटो काढू लागली. मीही समोरच्या लाटा बघण्यात रमलो. तेवढ्यात किनाऱ्यावरून हाक आली, "ए पोरी! माघारी फिर! मागनं पाणी भरतंय!" एक मावशी डोक्यावरची टोपली सावरत हात हलवत होत्या. आम्ही वळून पाहिलं. किनारा आणि आमचा खडक यांच्यामधल्या सखल पट्ट्यात पाणी शिरलं होतं. येताना घोट्याला लागलेलं पाणी परत जाताना भाचीच्या गुडघ्याच्या वर आलं. खालची वाळू पायाखालून सरकत होती. मी तिचा हात घट्ट धरला. फार अंतर नव्हतं, पण तेवढ्यात माझ्या घशाला कोरड पडली, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

मुलांनो, चूक माझी होती. चित्रात दिसतं ते खरं असतं, पण ते त्या दिवसाचं, त्या घटकेचं खरं असतं. उपग्रह वरून गेला तेव्हा ओहोटी होती. आम्ही गेलो तेव्हा भरती चढत होती. नकाशाला जागा ठाऊक होती, वेळ ठाऊक नव्हती. आणि मी मोठा माणूस असून ते विचारायचं विसरलो!

मावशींचं पाऊणपट गणित

मावशींनी आम्हाला आधी चांगलं रागे भरलं. मग पाणी पाजलं. मग विचारलं, "आज तिथी कोणती?" आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. मोबाइलमध्ये पाहिलं, तर अष्टमी. "मग?" त्या म्हणाल्या, "आठाची पाऊणपट किती? सहा. सहाला पाणी भरणार. तिन्हीसांजेला तुम्हाला खडक कुठून दिसायचा? पौर्णिमेला या."

कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं हे गणित आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याला पाऊणनं गुणायचं, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. तीच वेळ दिवसा आणि रात्रीही, थोड्याफार फरकानं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

हे जमतं कसं? भरती-ओहोटी मुख्यतः चंद्रामुळे होते. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच मागे पडते. ५० मिनिटं म्हणजे जवळजवळ पाऊण तास. झालं की गणित! अर्थात हा अंदाज झाला. नेमक्या वेळेसाठी भरतीची कोष्टकं असतात. भारतीय सर्वेक्षण विभाग ती दर वर्षी छापतो आणि इंटरनेटवरही भरतीच्या वेळा मिळतात. फक्त जवळच्या बंदराचं कोष्टक बघायचं, कारण दूरच्या बंदराच्या वेळेत फरक पडतो. समुद्र किती खवळलाय, लाटा किती उंच येतील, याचा अंदाज हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था देते. तोही पाहायचा.

आणखी एक नियम खलाशी सांगतात. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तास धरले, तर पाणी सगळे तास सारखं चढत नाही. पाणी एकूण जितकं चढायचं, त्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं! त्या दिवशी ओहोटी बाराला होती, भरती सहाला. दोन ते चार हे सगळ्यात जोराचे तास. आणि आम्ही खडकावर गेलो कधी? बरोबर तीन वाजता. आता कळलं ना, मावशींनी एवढी आरडाओरड का केली ते?

मुंबईपासून उत्तरेला खंभातच्या आखातापर्यंत जात जाल तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो. मुंबईत पावसाळ्यातलं मोठं उधाण पाच मीटरच्या जवळ पोचतं. किनारा उताराला मंद असला, की एवढं पाणी आडवं खूप लांबवर पसरतं. म्हणून ओहोटीला समुद्र 'गेला कुठं?' असं वाटतं आणि भरतीला तो दाराशी येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा दोन्ही बेताचं.

पौर्णिमेची संध्याकाळ

आम्ही एका आठवड्यानं पुन्हा गेलो. त्रिपुरी पौर्णिमा होती. भाचीनं स्वतः गणित मांडलं होतं. भरती सव्वाअकरा-बाराला, ओहोटी साडेपाच-सहाला, सूर्यास्त सहाच्या सुमारास. म्हणजे सूर्य मावळताना पाणी सगळ्यात मागे! कोष्टकाशी ताडून पाहिलं, तेही जुळलं. वहीत तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'साडेसहाला परत वाळूवर. काही झालं तरी.'

किनाऱ्यावर पोचलो आणि आम्ही ओळखलंच नाही! गेल्या वेळी जिथं लाटा आपटत होत्या, तिथं लांबच लांब ओली वाळू पसरली होती, आरशासारखी. आख्खं केशरी आकाश तिच्यात उतरलं होतं. खडक पुरते उघडे पडले होते. त्यांच्या खळग्यांत पाणी साठलेलं, त्यात छोटे खेकडे आणि शंख. सूर्य रेघेवरून सरकत आला आणि खडकाच्या डोक्यावर टेकला. क्लिक!

पण खरी मजा पुढेच होती. मावशी म्हणाल्या, "मागं बघ की!" आम्ही वळलो, तर पूर्वेला, झाडांच्या शेंड्यांवर पूर्ण चंद्र वर येत होता. पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमारास चंद्र उगवतो, हे पाठ होतं हो आम्हाला! पण पाठीमागं वळून बघायचं कुणाला सुचलं होतं? एडवणला येणारे सगळे समुद्राकडे तोंड करून उभे राहतात. त्या संध्याकाळचा भाचीचा सगळ्यात सुंदर फोटो समुद्राकडे पाठ करून काढलेला आहे.

"मावशी, तुमचा एक फोटो काढू?" भाचीनं विचारलं. "काढ गं. पण आधी ही टोपली धर, केस सारखे करते!" असं म्हणून मावशी हसल्या. साडेसहाला आम्ही ठरल्याप्रमाणे परत वाळूवर होतो.

आता तुमची पाळी

या पट्ट्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे. दातिवरे, कोरे, एडवण, मथाणे, भवानगड, केळवे, माहीम, शिरगाव अशी लहानमोठ्या कोटांची रांगच या किनाऱ्यावर आहे. पोर्तुगीजांशी झालेल्या लढाईत चिमाजी अप्पांच्या मोहिमेनं १७३९ च्या आरंभी माहीम, केळवे, तारापूर जिंकलं आणि मे महिन्यात वसई घेतली. केळव्याचा पाणकोट खाडीच्या मुखाशी पाण्यातच उभा आहे. तिथंही ओहोटीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय जायचं नाही, हे आता सांगायला नको! पावसाळा संपला की कोळीवाड्यांत बांबूंच्या मांडवांवर बोंबील सुकताना दिसतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. फोटोला दोन्ही छान, पण लाटांपासून दूर राहून.

मात्र निघण्याआधी काही गोष्टी ध्यानात ठेवा. आईबाबांनाही वाचून दाखवा.

ओळखीच्या मोठ्या माणसाशिवाय आणि तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय खडकावर किंवा खाडीत उतरू नका. "दादा, आत्ता पाणी चढतंय की उतरतंय?" हा प्रश्न कुठल्याही नकाशापेक्षा मोलाचा आहे.

माणसांचे, त्यांच्या घरांचे, कामाचे फोटो विचारून काढा. 'नाही' म्हणाले तर हसून पुढे चला. कोळीवाडा म्हणजे प्रदर्शन नव्हे, लोकांचं अंगण आहे ते.

सगळीकडे फोटो काढता येत नाहीत. तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आहे, १९६९ पासूनचं. अशा ठिकाणी मनाईची पाटी असते, ती पाळायची. कुणाकडे ड्रोन असेल तर उडवण्याआधी सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावर तो भाग लाल, पिवळा की हिरवा, हे मोठ्यांकडून पाहून घ्या.

मोबाइल फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही गुपचूप लिहून ठेवतो, हे ठाऊक आहे? समुद्राच्या फोटोला ते उपयोगी पडतात. पण तुमच्या घराचा, शाळेचा किंवा एखाद्या पक्ष्याच्या घरट्याचा फोटो इंटरनेटवर टाकताना ती नोंद बंद करा. सगळ्याच जागा सगळ्या जगाला सांगायच्या नसतात.

आणि शेवटची गोष्ट. तुमच्या गावाजवळ समुद्र, नदी, तळं, काहीही असेल, तर दर वर्षी एकाच जागेवर उभं राहून, एकाच दिशेला बघून एक फोटो काढा. मागे तारीख, वेळ आणि तिथी लिहा. गुगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची चित्रंही बघता येतात. ती शेजारी ठेवा. पालघरच्या किनाऱ्यावर कितीतरी गावांत समुद्र जमीन खातो आहे आणि तो थोपवायला दगडी बंधारे घालावे लागताहेत. सुरूचं झाड काल कुठं होतं आणि आज कुठं आहे, हे तुमच्या फोटोंनी दाखवता येईल. दहा वर्षांनी तो अल्बम नुसता सुंदर नसेल, तो पुरावा असेल.

भाचीनं मावशींचा फोटो छापून घेतला आणि पुढच्या खेपेला नेऊन दिला. इंटरनेटवर टाकू का, असं तिनं विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "नको बाई, भिंतीवरच बरा." म्हणून तो तिथंच आहे. नकाशावर टोचलेली आमची टाचणी मात्र आम्ही काढली नाही. तिच्या खाली एक ओळ लिहून ठेवली आहे, 'येण्याआधी तिथी बघा.'

मग काय, काढताय ना पंचांग आणि मोबाइल, दोन्ही? आज तिथी कोणती आहे, सांगा पाहू!